रोज एक चेहरा: चारकोल-खडू घ्यावं की शाई-जलरंग?

व्यक्तिचित्रणाचा नियमित सराव मिश्र माध्यमात करायचा ठरवलं की साधारण दोन वाटा समोर येतात. पहिली, करड्या किंवा मातकट कागदावर चारकोल, तांबूस खडू आणि पांढरा खडू. दुसरी, वहीत वॉटरप्रूफ शाईची रेषा, त्यावर जलरंगाचे दोन वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचे थर, आणि शेवटी रंगीत पेन्सिल. मी दोन्ही वाटांवर बराच काळ चाललो आहे. प्रदर्शनासाठी एखादं चित्र काढायचं असेल तर निकष वेगळे लागतील. इथे विचार फक्त ४० मिनिटांच्या, आठवड्यातून पाच-सहा दिवस चालणाऱ्या सरावाचा आहे.

चारकोलची बाजू आधी मांडतो, कारण चेहरा घडवायला शिकण्यासाठी तिला तोड नाही. काळा, तांबडा आणि पांढरा या तीन खडूंनी फ्रेंच चित्रकार वात्तोने अठराव्या शतकात जी डोकी काढली, ती पाहिली की इतक्या थोड्या सामानात कातडीची ऊब कशी येते ते कळतं. कागदाचा रंग हाच मधला टोन, म्हणजे उजेड आणि सावली यांच्यामधली छटा, असतो, त्यामुळे अर्धं काम आधीच झालेलं असतं. काडीच्या मऊ चारकोलने डोळ्यांच्या खोबणी, नाकाखालची आणि खालच्या ओठाखालची सावली ढोबळ भरायची, चिंधी हलकेच फिरवायची आणि मग आकार बांधायला घ्यायचा. सरावातली नेहमीची चूक म्हणजे डोळे वर सरकणं. समोरून पाहताना डोळ्यांची रेषा डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर येते, पण केसांचा भाग आपण नकळत कमी धरतो. चारकोलमध्ये ही चूक विसाव्या मिनिटालाही चिंधीच्या एका फटक्यात निघते. शाईत ती तशीच राहते.

पथ्यं थोडीच आहेत, पण ती मोडली की चित्र बिघडतं. खाली ग्रॅफाइट पेन्सिलने रेखाटन करू नये. त्याच्या गुळगुळीत, चकचकीत थरावर चारकोल धरत नाही. दाबून केलेला, म्हणजे कॉम्प्रेस्ड चारकोल शेवटच्या दहा मिनिटांतच हातात घ्यावा, कारण तो पूर्ण खोडला जात नाही. पांढरा खडू चारकोलवर घासू नये. दोन्ही मिसळले की निळसर राख तयार होते आणि चेहरा आजारी दिसतो. काळा आणि पांढरा यांच्या मध्ये कोरा कागद राहायलाच हवा. हाताखाली कोरा कागद ठेवावा. तळव्याचं तेल लागलेल्या जागी चारकोल डागाडागाने बसतो.

इथपर्यंत चारकोलचं पारडं जड आहे. माझं अडलं ते चित्र झाल्यानंतर.

चारकोलचं चित्र फिक्सेटिव्ह, म्हणजे पूड कागदावर धरून ठेवणारा राळेचा फवारा, मारल्याशिवाय ठेवता येत नाही आणि फिक्सेटिव्ह मारलं की पांढरा खडू विझतो. नाकाच्या शेंड्यावरचा तांदळाएवढा ठिपका, खालच्या ओठावरची ओली चमक, कपाळाच्या उंचवट्यावरचा प्रकाश, ज्यांच्यामुळे डोकं गोल वाटत होतं, तेच आधी जातात. याचं कारण साधं आहे. खडूची पूड पांढरी दिसते ती तिच्या कणांमधल्या हवेमुळे प्रकाश विखुरतो म्हणून. फिक्सेटिव्हमधली राळ त्या फटी भरते आणि पूड अर्धपारदर्शक होते. यावर उपाय आहे. आधी काळा आणि तांबडा पूर्ण करायचा, फूटभर अंतरावरून दोन-तीन पातळ हात मारायचे, प्रत्येक हातानंतर दहा मिनिटं थांबायचं, आणि पांढरा सगळ्यात शेवटी लावून तो तसाच सोडायचा. पण मग तो पांढराच पुढच्या कागदाला पुसला जातो, म्हणून मध्ये ग्लासिनचा गुळगुळीत पातळ कागद किंवा बटर पेपर घालावा लागतो. शिवाय फवारणी बाल्कनीत किंवा उघड्या खिडकीपाशी करावी लागते. पावसाळ्यात तीही धड होत नाही. द्रावण उडून जाताना कागदाचा पृष्ठभाग थंड पडतो, त्यावर हवेतला दमटपणा धरतो आणि काळ्या भागांवर धुरकट पांढुरकी साय येते.

एकट्या चित्रासाठी हे सगळं करायला हरकत नाही. रोजच्या सरावात मात्र ४० मिनिटांच्या कामामागे २५ मिनिटांची आवराआवर लागते. आवरायचं राहिलेले कागद साचतात, एकमेकांवर उमटतात, आणि तीन महिन्यांपूर्वीचा चेहरा आजच्या शेजारी ठेवून पाहायची वेळ आली की हातात राखाडी धुकं उरतं. मागचे चेहरे समोर नसतील तर तीच चूक आपण पुन्हा करतोय हे कळायला मार्ग राहत नाही. माझ्यासाठी निर्णय इथेच झाला. दुसऱ्या कुणाला सुट्टे कागद शिस्तीने सांभाळता येत असतील, तर त्यांचा निर्णय वेगळा असू शकेल.

आता शाई-जलरंग. ३०० जीएसएमची (कागदाचं वजन, ग्रॅम दर चौरस मीटर) वही घेतली तर कागद फुगत नाही. २०० जीएसएमवर एक वॉश निभावतो, दुसऱ्याला लाटा येतात. पेन पिगमेंट शाईचं, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांच्या शाईचं हवं. साध्या फाउंटन पेनची शाई बहुधा डायची, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची असते आणि ब्रश लागताच गालावर पसरते. पेनावर ‘वॉटरप्रूफ’ लिहिलं असलं तरी त्याच वहीच्या शेवटच्या पानावर रेघ ओढावी, दोन मिनिटांनी ओला ब्रश फिरवावा, मगच विश्वास ठेवावा.

खोडता न येण्याचा प्रश्न बराचसा सुटतो. पेन लगेच उचलायचं नाही. यलो ओकरच्या (मातकट पिवळ्याच्या) अगदी पातळ पाण्याने, जाड ब्रशने डोक्याचा अंडाकार, डोळ्यांची रेषा, नाकाचा तळ आणि हनुवटी मांडायची. पाच मिनिटं जातात. चुकलं तर त्याच पाण्यात दुसरी रेषा शेजारी घालायची. पुढच्या वॉशखाली दोन्ही बुडून जातात. कागद पूर्ण वाळल्यावर शाई, आणि तीही फक्त वरच्या पापणीला, नाकपुडीला, ओठांच्या मधल्या रेषेला आणि केसांच्या सावलीतल्या कडेला. गालाची बाहेरची कड शाईने बंद केली की चेहरा कापून चिकटवल्यासारखा दिसतो.

पहिला वॉश बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि ओकरचा, उजेडाच्या जागा कोऱ्या सोडून, सगळ्या चेहऱ्यावर एकसलग. ओला असतानाच गाल, कान आणि नाकाच्या शेंड्यात किंचित क्रिमझन (गडद लाल) सोडायचा. दुसरा वॉश सावल्यांचा, सिएनामध्ये अल्ट्रामरीन (गडद निळा) मिसळून. तो पहिला पूर्ण वाळल्याशिवाय लावला तर खालचा रंग उचलला जातो आणि फुलकोबीसारख्या कडा उमटतात. बोटाच्या मागच्या बाजूने कागदाला स्पर्श करावा. गार लागला तर अजून ओला आहे. रंगीत पेन्सिल सगळ्यात शेवटी, कारण तिच्यातलं मेण पाणी झिडकारतं. ओलसर कागदावर तिचं टोक चर पाडतं, म्हणून घाई नको.

या वाटेलाही पावसाळा त्रास देतोच. एप्रिलमध्ये पाच मिनिटांत वाळणारा वॉश कोकणपट्टीत जुलैत वीस मिनिटं घेतो. पण तो वेळ वाया जात नाही, समोरच्या पानावर त्याच मॉडेलचा नुसता कान किंवा ओठ काढता येतो. मुख्य म्हणजे वही मिटली की काम संपलं. लोकलमध्ये समोर झोपलेल्या माणसाचं डोकं वॉटर ब्रशने, म्हणजे दांड्यातच पाणी भरलेल्या ब्रशने टिपता येतं. चारकोलचा डबा तिथे उघडता येत नाही.

जलरंगात चेहऱ्याला वजन येत नाही असं काहींना वाटतं. त्यांनी सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचं, हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं ‘ग्लो ऑफ होप’ पाहावं. ते म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे आणि जलरंगातच आहे.

चेहऱ्याची घडण अजून हाताला बसली नसेल, प्रमाणं रोज चुकत असतील, तर पहिले दोन-तीन महिने चारकोलला द्यायला माझी ना नाही. त्यासाठी स्वस्त न्यूजप्रिंट घ्यावा आणि कागद ठेवायचेच नाहीत असं आधी ठरवावं. फिक्सेटिव्ह विकत घेऊच नये. त्यानंतर मात्र वहीकडे यावं, आणि चारकोल आठवड्यातून एकदा, हात सैल करायला. वहीसाठी सुरुवातीला ०.३ मिमीचं एक पेन, ८ नंबरचा एक गोल ब्रश, वरचे चार रंग आणि एक गडद तपकिरी पेन्सिल पुरते. पांढरा गुआश (अपारदर्शक जलरंग) हवासा वाटेल; पहिल्या ३० पानांपर्यंत तो टाळावा, म्हणजे कागदाचा पांढरा राखायची सवय लागते. जून ते सप्टेंबर पॅलेटचं झाकण ओल्या रंगांवर लावू नये. रात्रभर पंख्याखाली उघडं ठेवावं, नाहीतर चार दिवसांत ओकरवर बुरशी धरते.