नवख्याला ‘फ्रेंड्स’ दाखवायचंय: प्रश्नमंजुषा की मोनिका-चँडलरचं गुपित?

‘फ्रेंड्स’ म्हणजे सहा मित्रमैत्रिणींची अमेरिकन विनोदी मालिका. तिच्या चौथ्या सीझनचा १२वा भाग (१९९८), म्हणजे प्रश्नमंजुषेचा, काहीच न पाहिलेल्यालाही चालतो. पैज कळली की झालं: मुली (मोनिका-रेचल) हरल्या तर फ्लॅटची अदलाबदल, मुलं (चँडलर-जोई) हरली तर त्यांचा पाळीव कोंबडा घराबाहेर. चँडलरचं काम काय, यावर रेचल भलताच शब्द ठोकते आणि घर हातचं जातं. फीबी भावाच्या बाळासाठी सरोगेट होतेय, एवढं आधी सांगा. विनोद शब्दांतला, म्हणून सबटायटल्स लावाच.

पाचव्या सीझनचा १४वा भाग (१९९९), म्हणजे गुपिताचा, मोनिका-चँडलरचं लंडनमध्ये गुपचूप जुळलं हे ठाऊक नसेल तर निम्मा वाया. पण फीबी-चँडलरची एकमेकांना भुलवायची चढाओढ आवाज बंद करूनही कळते. चँडलरचं अवघडणंच पुरे. शेवटी येणारी प्रेमाच्या कबुलीसारखी गोष्ट प्रश्नमंजुषेच्या भागात नाही.

पहिल्यांदाच बघणाऱ्याला प्रश्नमंजुषा. चार सीझन झालेल्याला गुपित.