हार्टब्लीड: पासवर्ड आजच बदलायचा की थांबायचं?
एप्रिल २०१४मध्ये ओपनएसएसएल या, वेबसाइटशी होणारी देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधली हार्टब्लीड ही त्रुटी उघड झाली आणि मावशीने विचारलं, सगळे पासवर्ड आजच बदलू का? तेव्हाचं माझं उत्तर असं.

आधी सुरक्षितता. या त्रुटीतून सर्व्हरच्या मेमरीतला ६४ केबीपर्यंतचा तुकडा एका वेळी बाहेर काढता येतो. त्यात तुम्ही आत्ताच टाइप केलेला नवा पासवर्डही सापडू शकतो! म्हणून दुरुस्ती न झालेल्या साइटवर घाई जास्त धोक्याची. शिवाय साइटची खासगी किल्ली (माहिती गुप्त ठेवणारा तिचा गुप्त कोड) फुटलेली असू शकते, तेव्हा साइटने सर्टिफिकेटही (साइटच्या ओळखीचा डिजिटल दाखला) नवं घ्यायला हवं.

मेहनत? साइट दुरुस्त होण्याआधी आज बदललात तर पुन्हा बदलावा लागेल. थांबलात तर एकदाच, पण तोवर तिथे लॉगइन नको.

एकच पासवर्ड सगळीकडे वापरत असाल, तर दुरुस्त झालेल्या साइटवर, आधी ईमेलचा, आजच बदला. प्रत्येक ठिकाणी वेगळा असेल, तर साइटने दुरुस्ती जाहीर करेपर्यंत थांबा.