इगोर स्टिमॅक : ६१ महिने वापरल्यानंतर

भारताच्या फुटबॉल संघाच्या माजी कोचचा हा रिव्ह्यू मी तीनदा लिहून पुसलाय. पहिल्यांदा सप्टेंबर २०१९ मध्ये, चार स्टार देऊन. दुसऱ्यांदा जुलै २०२३ मध्ये, पाच स्टार आणि वर 'बघा, मी सांगत नव्हतो?' असा आगाऊपणा. तिसऱ्यांदा मार्च २०२४ मध्ये, रात्री साडेनऊला, शिव्यांसकट. आता डोकं शांत झालंय, वस्तूही बाजारातून गेलीय, तेव्हा एकदाचं लिहून मोकळा होतो.

मी कोल्हापूरचा. म्हणजे फुटबॉल मला टीव्हीवर भेटला नाही, शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर भेटला. आमच्याकडं तालमीचा संघ हरला की कोचला दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर हिशेब द्यावा लागतो, आणि हिशेब मागणाऱ्यात त्याचा सख्खा चुलताही असतो. शेजारचे आण्णा एकेकाळी तालमीचे गोलकीपर. दोन बोटं वाकडीच राहिलीत, त्यामुळं ते कप बशीसकट उचलतात. भारताची मॅच आम्ही त्यांच्याच घरी बघतो, कारण त्यांचा टीव्ही मोठा आणि काकूंची भडंग कडक.

तर, घेतलं कशासाठी? २०१९ च्या जानेवारीत आशियाई कपात थायलंडला ४-१ हरवूनही आपण बहारीनकडून ९० मिनिटं उलटल्यावरच्या पेनल्टीवर बाहेर पडलो आणि तेव्हाचे कोच कॉन्स्टंटाईन त्याच रात्री राजीनामा देऊन गेले. त्यांचा खेळ साधा होता. मागून उंच मारायचा, पुढं गोल मारायला कप्तान सुनील छेत्री आहेच. निकाल येत होते, पण बघवत नव्हतं. नव्या कोचच्या यादीत बंगळुरू क्लबचे जुने कोच आल्बर्ट रोका होते आणि माझा जीव त्यांच्यावर होता. १५ मे २०१९ ला घरी आले स्टिमॅक. पॅकिंग झकास : १९९८ च्या वर्ल्डकपात तिसऱ्या आलेल्या क्रोएशियाचा डिफेंडर, नंतर त्याच क्रोएशियाचा कोच. खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं की आता बॉल जमिनीवरून खेळायचा, गोलकीपरपासून पास करत वर यायचं. एवढं वाचून मी रोका विसरलो.

पहिले काही महिने सेटिंगचे धरले. थायलंडमध्ये कुरासावकडून ३-१. अहमदाबादला ताजिकिस्तानवर दोन गोलची आघाडी घेऊन ४-२ ने हार, मग उत्तर कोरियाचे पाच गोल. आण्णा म्हणाले, "ह्यो काय मर्दा, आपला कीपर पास कसला देतोय, परसाद वाटल्यागत?" मी म्हटलं, "आण्णा, नवीन पद्धत आहे, वेळ द्या." हे वाक्य लक्षात ठेवा. पुढची पाच वर्षं मी तेच बोलत होतो.

मग ५ सप्टेंबर, गुवाहाटी, ओमान. वर्ल्डकप क्वालिफायरची पहिली मॅच. छेत्रीचा गोल, १-०, आणि मधला बराच वेळ आपण खरोखर देखणं खेळलो. ८२ व्या मिनिटाला बरोबरी, शेवटच्या मिनिटाला दुसरा. १-२. दमलो म्हणे. पाचच दिवसांनी दोह्यात, आजारी छेत्रीशिवाय, आशियाचा चॅम्पियन असलेल्या कतारला त्यांच्या घरी ०-०. गोलकीपर गुरप्रीत त्या रात्री भिंत झाला होता. उजवीकडं मुंबईचा राहुल भेके, डावीकडं गोव्याचा मंदार राव देसाई. आपल्याकडची नावं ऐकून काकू पण स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. शेवटची शिट्टी झाली तेव्हा आण्णांनी बशी खाली ठेवली आणि काहीच बोलले नाहीत. त्यांच्याकडून यापेक्षा मोठी दाद मी पाहिलेली नाही. पहिला, चार स्टारचा रिव्ह्यू त्या रात्रीचा.

पुढच्याच महिन्यात कोलकात्यात फिफाच्या क्रमवारीत १८७ वा असलेला बांगलादेश, आणि ८८ व्या मिनिटाला आदिल खानच्या हेडरवर कशीबशी बरोबरी. तक्रार नोंदवायची वेळ ती होती. पण वॉरंटी कार्डावर दोह्याचा शिक्का होता, म्हणून गप्प बसलो. कोविडनंतर २०२१ च्या मार्चमध्ये यूएईने सहा घातले. त्यावर उत्तर आलं की नवी पोरं आहेत, त्यांना अनुभव मिळाला. पटलं. मला तेव्हा सगळंच पटायचं.

आता चांगलं काय ते लिहितो, नाहीतर रिव्ह्यू खोटा होईल. या माणसानं नवी पोरं खेळवायला कधी हात आखडला नाही. आकाश मिश्रा, जीक्सन, अपुइया, आणि छांगटेचा भारताच्या शर्टातला सगळ्यात चांगला काळ हे त्याच्याच खात्यावर. २०२३ चा उन्हाळा तर मी फ्रेम करून ठेवला असता. मार्चमध्ये इम्फाळला तिरंगी स्पर्धा, जूनमध्ये भुवनेश्वरला लेबनॉनला २-० हरवून इंटरकॉन्टिनेन्टल कप, जुलैत बंगळुरूला कुवेतला पेनल्टींवर हरवून दक्षिण आशियाची सॅफ स्पर्धा. तीन महिन्यांच्या आसपास तीन ट्रॉफ्या आणि क्रमवारीत ९९. सप्टेंबरात किंग्ज कपला इराकविरुद्ध दोनदा आघाडी घेतली, २-२, फक्त पेनल्टींवर हरलो. इराकविरुद्ध!

आणि ते लाल कार्ड. पाकिस्तानचा खेळाडू थ्रो-इन घेत होता आणि आमच्या कोचनं त्याच्या हातातला बॉलच काढून घेतला. दुसरीकडं छेत्रीनं हॅट्ट्रिक केली, ४-०. आमच्याकडं काय कौतुक त्या लाल कार्डाचं! हा आमच्या तालमीतला माणूस, असं मीच म्हणत होतो. त्याच स्पर्धेत कुवेतविरुद्ध साखळीत दुसरं लाल कार्ड मिळालं, दोन मॅचची बंदी. म्हणजे सेमीफायनल आणि फायनल दोन्हीला बाकावर होते सहायक कोच महेश गवळी, गोव्याचे, भारताचे जुने डिफेंडर. आण्णा हळूच म्हणाले, "कप आला, पर वस्ताद तर गॅलरीत होता न्हवं?" मी त्यांना गप्प केलं. पाच स्टार टाकून मोकळा झालो.

त्याच सप्टेंबरात टीमनिवडीआधी ज्योतिषाचा सल्ला घेतल्याच्या बातम्या छापून आल्या. लोक हसले. आण्णांना त्यात काही वावगं दिसलं नाही. "आम्ही बी गोलपोस्टला लिंबू बांधायचो की. पर लिंबवाला टीम नव्हतो दावत." असो.

माझी खरी तक्रार हरण्याची नाहीच. हरायची सवय असल्याशिवाय भारतीय फुटबॉलचा चाहता होता येत नाही. तक्रार आहे ती सबबींची. त्या खोट्या नव्हत्या, हाच तर घोळ आहे. हांगझोच्या आशियाई खेळांना क्लब खेळाडू सोडेनात, टीम आदल्या संध्याकाळी चीनमध्ये उतरली आणि दुसऱ्या दिवशी ५-१ हरली. त्यात कोचचा काय दोष? आशियाई कपाआधी त्यांना चार आठवड्यांचं शिबिर हवं होतं, मिळाले जेमतेम दोन. अन्वर अली, जीक्सन, आशिक जखमी. परदेशात वाढलेले भारतीय वंशाचे खेळाडू घेता येत नाहीत. सगळं खरं. मी ही यादी पेठेत तोंडपाठ म्हणून दाखवायचो, जणू मीच त्यांचा वकील.

पण २०२४ च्या जानेवारीत कतारला काय झालं? ऑस्ट्रेलियाला हाफटाइमपर्यंत रोखलं, मग ०-२. उझबेकिस्तानविरुद्ध तिन्ही गोल पहिल्याच हाफमध्ये. सीरियाकडून ०-१. तीन मॅच, शून्य गोल. आणि स्पर्धेच्या आधीच सांगून ठेवलेलं की आपलं खरं लक्ष्य वर्ल्डकप क्वालिफायर आहे, ही स्पर्धा नव्हे. म्हणजे परीक्षेला बसण्याआधी 'हा पेपर धरायचा नाही' म्हणून मोकळे. तरी मी मान डोलावली. बरं, क्वालिफायर तर क्वालिफायर. क्रमवारीत ११७ वर आलो होतो, पण गट सोपा होता. नोव्हेंबरात कुवेतला त्यांच्या घरी हरवलेलं. समोर अफगाणिस्तान, १५८ वा क्रमांक, त्यांचे बरेच नेहमीचे खेळाडू स्वतःच्याच फेडरेशनवर बहिष्कार टाकून घरी बसलेले. कोचनीही छातीठोक सांगितलं होतं की तिसऱ्या फेरीत नेता आलं नाही तर मी जाईन. हा शब्द मला आवडला होता. कोल्हापुरी शब्द वाटला.

सौदीत अभाला ०-०. उंचावरचं गाव, हवा विरळ. चला, तेही धरलं.

२६ मार्च, गुवाहाटी. धुळवड आदल्या दिवशी झालेली, आमची रंगपंचमी अजून यायची होती. छेत्रीची १५० वी मॅच. ३८ व्या मिनिटाला त्यानंच पेनल्टी मारली, १-०. नोव्हेंबरनंतर, मधल्या पाच मॅच कोरड्या गेल्यावर, भारताचा हा पहिला गोल. आणि दुसऱ्या हाफमध्ये मी टीव्ही बघायचं सोडून आण्णांकडं बघायला लागलो, कारण ते पुढं सरकून बसले होते. गोलकीपर माणूस. गोल यायच्या आधी त्याला वास येतो. "आता बसणार बघ," ते म्हणाले. "समदी माघारी पळायल्यात. कुणी बोलवायला हाय का न्हाई त्यास्नी?" ७० व्या मिनिटाला बरोबरी. माझ्या तोंडात भडंगाचा घास तसाच. ८८ व्या मिनिटाला गुरप्रीतचा फाउल, पेनल्टी, १-२.

तोच गाव, तेच इंदिरा गांधी स्टेडियम. तसाच छेत्रीचा पहिला गोल, तोच १-० चा १-२, तीच शेवटची दहा मिनिटं. फरक एवढाच की २०१९ मध्ये समोर ओमान होता. साडेचार वर्षं वापरून ज्या ठिकाणी मशीन बंद पडत होतं, त्याच ठिकाणी ते बंद पडलं, तेही हलक्या लोडवर. आघाडी घेतल्यावर बॉल कसा ठेवायचा, हे त्या पोरांना या काळात कुणी शिकवलंच नव्हतं. हे शिबिर दोन आठवड्यांचं की चार, यावर ठरत नाही. हे पहिल्या दिवशी शिकवायचं असतं. खोक्यावर तेच तर छापलेलं होतं!

मॅच संपली. मी सवयीनं तोंड उघडलं, "आण्णा, पण त्यांना..." आणि पुढं काही सुचेना. वकिलाची फाईलच रिकामी. आण्णा बशी उचलून आत गेले. जाताना म्हणाले, "तू दमला आसशील आता. जा, झोप जा."

तिसरा रिव्ह्यू त्या रात्रीचा. सकाळी पुसला, कारण त्यातली भाषा आईनं वाचण्यासारखी नव्हती.

त्यानंतरचं पटकन सांगतो. मे महिन्यात छेत्रीनं निवृत्ती जाहीर केली, ६ जूनला कोलकात्यात जवळपास ५९ हजार लोकांसमोर कुवेतशी ०-० झालं आणि तो तेव्हापुरता ९४ गोलांवर थांबला. त्या संध्याकाळी कोचबद्दल कुणी बोललंच नाही, बोलावंसंही वाटलं नाही. १७ जूनला फेडरेशननं त्यांना काढलं. ५३ सामने, १९ विजय. २०२३ च्या ऑक्टोबरात, उन्हाळ्याच्या धुंदीत, करार २०२६ पर्यंत वाढवून ठेवलेला, त्यामुळं नंतर ४ लाख डॉलर मोजून प्रकरण मिटवावं लागलं. वस्तू परत करताना दुकानदारालाच पैसे द्यायचे, असा सौदा मी तरी आमच्या शाहूपुरीत पाहिला नाही. आल्यावर क्रमांक १०१, गेल्यावर १२४.

पण काढण्याच्या सहा दिवस आधीची मॅच राहिली. ११ जून, पुन्हा दोहा. पुढं जायचं तर इथं काहीतरी घेऊन यायलाच हवं होतं. कतारनं पोरं उतरवली होती, पण आपण वर्षातला सगळ्यात बरा फुटबॉल खेळत होतो. ३७ व्या मिनिटाला छांगटे, १-०. आणि ७३ व्या मिनिटाला तो गोल. बॉल गुरप्रीतच्या बाजूनं गोललाइनबाहेर गेला, कतारच्या खेळाडूनं तो पायानं आत ओढला आणि युसूफ आयमननं जाळ्यात टाकला. आपली पोरं थांबलेली, हात वर केलेले. रेफ्रीनं गोल दिला. व्हिडिओ बघून निर्णय तपासायचा व्हीएआर नव्हता. पुढं ८५ व्या मिनिटाला दुसरा. १-२.

रिप्ले लागला. एकदा, दोनदा, चारदा. बॉल आणि रेषा यांच्यात हिरवं गवत स्पष्ट दिसत होतं. पाच वर्षांत पहिल्यांदा अशी सबब आली होती की शेजारच्या तालमीचा माणूसही तिला नाही म्हणाला नसता. कॅमेरा बाकाकडं वळला. कोच हातवारे करत होते, चेहरा लाल. अगदी बरोबर होते ते.

आण्णा माझ्याकडं बघत होते. "आरं, आता तरी भांड की त्याच्या बाजूनं," ते म्हणाले. "आज खरंच अन्याव झालाय."

मी भडंगाची वाटी काकूंना परत दिली आणि चप्पल शोधायला लागलो.