शिरोलीतल्या फाउंड्रीत आठ महिने: फोनवरचं कास्टिंग सिम्युलेशन

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमची ग्रे आयर्नची (राखाडी बिडाची) छोटी फाउंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना आहे. ओतलेला बिडाचा रस साच्यात कुठं आधी थिजतो, कुठं शेवटी, म्हणजे पोकळी कुठं राहणार, हे दाखवणारा प्रोग्राम माझ्या भाच्यानं पीसीसाठी लिहिला होता. तोच त्यानं अँड्रॉइडवर आणला. आठ महिने रोज वापरतोय, म्हणून लिहितो.

विचारणारे आधी वेगच विचारतात. जॉब (ओतायचा भाग) आणि भोवतालची साच्याची वाळू मिळून ४० सेंमीचा ठोकळा धरा. हिशोबासाठी त्याची ४ मिमीची घरं पाडली की १० लाख घरं होतात, आणि माझ्या फोनवर चार-पाच मिनिटांत उत्तर येतं. २ मिमी केलं की घरं आठपट, शिवाय हिशोब बिघडू नये म्हणून वेळेची पावलंही चारपट बारीक घ्यावी लागतात. काम ३२ पट! तेवढ्यात फोन तापतो आणि आपणहून मंदावतो. भट्टीजवळ तर लगेचच. त्यामुळे बारीक जाळीचं काम रात्री पीसीवर लावतो.

पहिल्या महिन्यात मात्र वेगळंच झालं. फोनवर कास्टिंग थंडच होईना. १३०० अंशांच्या पुढं जाड भाग तसाच लालभडक. पीसीवर तोच कोड बरोबर चालायचा. भाचा तीन रात्री बसला. निघालं असं, की ग्राफिक्स चिपसाठीच्या कोडात 'मीडियम प्रिसिजन', म्हणजे आकडे मध्यम अचूकतेनं धर, असं लिहिलेलं होतं. पीसीची चिप ते मनावर न घेता ३२ बिटांतच हिशोब करते, फोनची चिप खरोखर १६ बिटांत करते. १६ बिटांत १०२४ च्या वर शेजारच्या दोन आकड्यांत पूर्ण १ अंशाचं अंतर असतं. पाव सेकंदाच्या पावलात जाड भाग पाव अंशानं उतरला, तर तो उतार पुन्हा पहिल्याच आकड्यावर येऊन बसतो. एक शब्द बदलला, जॉब थंड झाला. असं काही फोनवर आणणाऱ्यांनी ही गोष्ट सगळ्यात आधी तपासावी.

खरा फायदा मला मोल्डिंग बॉक्सशेजारी मिळाला. एका पंपाच्या बॉडीत रिब (आधाराची पट्टी) आणि बॉस (जाड उंचवटा) मिळतात तिथं लाल ठिपका, म्हणजे न थिजलेला रस, शेवटपर्यंत राहत होता. मी फोन आमच्या मोल्डिंगच्या मिस्त्रींसमोर धरला. त्यांनी वाळूचं बोट पुसून स्क्रीनवर ठेवलं. "हितंच की वो! मागच्या लॉटला हितनंच पोकळ निघालं. रायझर हिकडं सरकवा." रायझर म्हणजे थिजताना आकसणाऱ्या जॉबला रस पुरवणारा साच्यातला जादा साठा. पीसी ऑफिसात असताना मिस्त्री तो बघायला कधी वर आलेच नव्हते. रायझर सरकवला, पुन्हा चालवलं, ठिपका रायझरमध्ये गेला. दुसऱ्या दिवशी दोन जॉब कापून बघितले, आत घट्ट.

उणं आहेच. वाळूतली ओल याला कळत नाही, त्यामुळे पावसाळ्यात गॅसची भोकं पडली तर हा गप्प बसणार. ग्रे आयर्न थिजताना ग्रॅफाइट फुगतं आणि बरीच तूट आपोआप भरून निघते, तेही यात धरलेलं नाही. म्हणून पोकळी आहे त्यापेक्षा मोठी दाखवतो. सुरुवातीला मी तसे दोन रायझर उगाच वाढवले, तेवढा रस वाया गेला आणि तो पुन्हा वितळवायची वीजही. आता ठिपक्याची जागा मानतो, आकार मानत नाही.

हातमोजे घालून स्क्रीन चालत नाही. भाच्याला म्हटलंय, जॉबचा उभा-आडवा छेद बघायची सोय बाजूच्या आवाजाच्या बटणांवर दे. या आठवड्यात करतो म्हणालाय.