न्यूमोनियाचं इंजेक्शन: २३ वालं, १३+२३ की २० वालं? घरच्यांसाठी ठरवताना

आमच्या देवगडच्या घरी तीन पेशंट. बाबांना सीओपीडी, म्हणजे फुप्फुसाचा जुनाट दम लागणारा आजार (विडी सोडली म्हणतात, खिशात काडेपेटी अजून असते), आईला शुगर आणि काकी डायलिसिसवाली. गणपतीत घरात वीस-पंचवीस चाकरमानी, निम्म्या पोरांची नाकं वाहतायत आणि बाहेर धो धो पाऊस. म्हणून यंदा मे महिन्यातच इंजेक्शनचा विषय काढला, तर बाबांचं ठरलेलं उत्तर, "माका काय होवचा नाय."

आता ज्याच्यासाठी हे इंजेक्शन, तो न्यूमोनिया करणारा न्यूमोकोकस जंतू असतो कुठे, तर बऱ्याचदा धडधाकट पोरांच्याच नाकाघशात. त्यांना काही होत नाही, पण तोच खोकल्यातून आजीआजोबांकडे गेला की फुप्फुसात उतरतो, कधी रक्तात जातो, कधी मेंदूच्या आवरणापर्यंत पोचतो. शुगर, हार्ट, दमा-सीओपीडी, लिव्हर, विडी-सिगरेट यातलं एक जरी असेल तर धोका धडधाकट माणसापेक्षा कितीतरी पट आणि दोन-तीन एकत्र असतील तर तो चढतच जातो. किडनी फेल, कॅन्सरची औषधं, प्लीहा काढलेली, हे तर सगळ्यात वरचे. त्यामुळे "पासष्ट झाली की बघू" हे आमच्या आईला चालणारं नाही, ती ५८ ची आहे.

नावातला आकडा म्हणजे या जंतूच्या किती जातींवर ते इंजेक्शन चालतं तो. पहिलं २३ वालं. जुनं, अमेरिकेत १९८३ पासून आहे, तिघांत स्वस्त आणि आकडा मोठा म्हणून लोक हेच मागतात. गंमत अशी की यात जंतूच्या कवचातली नुसती साखर असते, त्यामुळे शरीराला ती नीट लक्षात राहत नाही आणि काही वर्षांत असर उतरतो. रक्तात पसरणाऱ्या आजारावर चालतं, साध्या न्यूमोनियावर तेवढी खात्री नाही.

१३ वाल्यात तीच साखर प्रोटीनला जोडलेली असते, म्हणून शरीर ती ओळख धरून ठेवतं. नेदरलँडमध्ये ६५ च्या वरच्या जवळपास ८५ हजार लोकांवर तपासलं होतं, त्या १३ जातींमुळे होणारा न्यूमोनिया साधारण ४६ टक्क्यांनी कमी झाला आणि त्याच जातींचा रक्तात वगैरे पसरणारा आजार ७५ टक्क्यांनी. म्हणजे कवचकुंडलं नव्हेत, पण निम्म्याच्या आसपास फरक हा आमच्यासारख्या घरात लहान नाही. अडचण एकच, जाती तेराच, म्हणून वर्षभराने वर २३ वालं घ्यावं लागतं (काकीसारख्यांना आठ आठवड्यांनी चालतं).

२० वालं याच पद्धतीचं, जाती जास्त आणि एकदा घेतलं की विषय संपला. भारतात उशिरा आलं, महाग आहे आणि सगळ्या मेडिकलवाल्यांकडे नसतं, आधी सांगून मागवावं लागतं.

माझं मत विचाराल तर आकडे मोजत बसू नका, स्वतःला एवढंच विचारा की वर्षभराने दुसऱ्या डोसला पेशंटला परत कोण घेऊन जाणार? आमच्याकडून कणकवली म्हणजे सकाळची एस्टी, डॉक्टरकडे नंबर, संध्याकाळी परत, दिवस गेला, आणि बरं वाटत असताना कोण जातंय. म्हणून परवडत असेल तर २० वालं. नसेल तर आधी १३ मग २३, आणि तारीख कॅलेंडरवर आत्ताच लिहा. उलटं करू नका. शेजारच्या तात्यांना स्टॉकमध्ये होतं म्हणून आधी २३ दिलं, आता १३ किंवा २० साठी वर्षभर थांबायला लागतंय. काही न घेण्यापेक्षा २३ बरंच हो, पण पर्याय असताना नको.

आणखी एक, सरकारी केंद्रात नातवाला याच जंतूवरचं इंजेक्शन फुकट मिळतं, आशाताई घरी येऊन आठवण करते, पण मोठ्यांना खिशातून. नातवाला दिलंय म्हणजे आजोबा सुटले असं नाही, फायदा थोडा होतो एवढंच.

आणताना थंडपणा सांभाळा, २ ते ८ डिग्री. पावसात आमच्याकडे लाईट गेली की दोन दोन दिवस येत नाही, त्यामुळे घरच्या फ्रीजमध्ये आणून ठेवायचा शहाणपणा नको, ज्या दिवशी टोचायचं त्याच दिवशी घ्या. बर्फाला थेट चिकटवूनही आणू नका, गोठलं तर लस वाया.

फ्लूचं इंजेक्शन वेगळं, ते दरवर्षी. दोन्ही एकाच दिवशी दोन दंडांना चालतात. फ्लू होऊन गेल्यावर हा जंतू जास्त घुसतो, म्हणून एक घेतलं की दुसरं नको हा हिशोब चुकीचा.

बाबांना २० वालं दिलं, दोन दिवस हात दुखला, कणकण आली, मग परत आंब्याच्या पेट्या उचलायला हजर. आईचं पुढच्या महिन्यात. काकीचं मात्र मी ठरवलं नाही, तिच्या डायलिसिसच्या डॉक्टरांवर सोडलंय. कुठलं घेतलं त्या चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, पुढचा डॉक्टर पहिलं तेच विचारतो आणि "ता खयचा तरी न्यूमोनियाचा" एवढंच सांगून भागत नाही.