टाचेचा काटा ‘विरघळवणारं’ मशीन : पैसे भरण्याआधी वाचा

पर्वती चढता-उतरताना डावी टाच दुखायला लागली म्हणून एक्स-रे काढला, तर टाचेखाली हाडाचा छोटा काटा निघाला. सिंहगड रोडवरच्या एका ‘पेन क्लिनिक’मध्ये फिल्म बघून म्हणाले, “काका, अल्ट्रासाउंडनं विरघळवून टाकू. २० सिटिंगचं पॅकेज, १८,००० रुपये, आगाऊ.” पावती? “शेवटी एकदम देतो.”

तिथला मुलगा टाचेवर मशीनचं हेड, म्हणजे लहरी सोडणारं टोक, कोरडंच टेकवायचा आणि दुसऱ्या हातानं मोबाइल बघत बसायचा. माझी भाची फिजिओथेरपिस्ट आहे. हे ऐकून तिनं कपाळावर हात मारला. हेड आणि कातडी यांच्यात हवा राहिली की अल्ट्रासाउंडच्या ध्वनिलहरी तिथूनच परततात, म्हणून जेल लागतंच. शिवाय हेड सतत फिरतं ठेवावं लागतं, नाहीतर एकाच जागी उष्णता साठून भाजू शकतं. मला काहीच झालं नाही, म्हणजे मशीन चालू तरी होतं का? चालू हेडवर क्षणभर दोन थेंब पाणी टाकलं तर ते थरथरतं, बारीक तुषार उडतात. तेवढं करून दाखवा म्हटलं, तर “मशीन खराब होईल.”

मुळात हाडाचा काटा या मशीननं विरघळत नाही. टाच कधीच न दुखलेल्यांच्या एक्स-रेतही असे काटे दिसतात. फिजिओथेरपीत १ किंवा ३ मेगाहर्ट्‌झच्या लहरी वापरतात. ३ च्या वरवरच्या भागासाठी, १ च्या खोलवर. दुखण्यावर त्यांचा फायदा किती, याचेही पुरावे तोकडेच. भाचीनं मला पोटरी-तळव्याचं स्ट्रेचिंग लावून दिलंय, फुकट!

कळस पुढेच. एके दिवशी लॅपटॉपवर ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी दोन चित्रं दाखवून “बघा, काटा गेला” म्हणाले. थेरपीच्या मशीनवर चित्र येतच नाही, आणि माझा दुसरा एक्स-रे कुणी काढलाच नव्हता. ‘नंतर’च्या चित्रात कोपऱ्यात ‘आर’ होतं, म्हणजे राइट, उजवी. माझी टाच डावी!

भिंतीवर फिजिओथेरपी परिषदेचा नोंदणी क्रमांक नव्हता, तो आधी मागा. पैसे दिल्याचा पुरावा म्हणजे फक्त यूपीआयचा मेसेज, त्यावर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवलीय. दुसऱ्याच दिवशी मालकाचा फोन आला : “पैसे परत नाही होणार काका, पण उरलेल्या सिटिंगमध्ये काकूंचे गुडघे करून देतो.”