गाडीच्या मुक्कामातली गरम पाण्याची आंघोळ : आठ महिन्यांच्या वापरानंतर

आईला थंड पाणी सोसत नाही. तिला मुक्कामाला सोबत न्यायचे तर गरम पाण्याची सोय पुण्याहूनच गाडीत घालून न्यावी लागणार, हे गेल्या दिवाळीपूर्वीच आमच्या लक्षात आले होते. तेव्हापासून जूनपर्यंत भंडारदरा, पानशेत, वेल्हे, तारकर्ली असे अकरा मुक्काम झाले आणि त्यांत काळी सौर पिशवी, गॅसचा छोटा गीझर आणि शेगडी-पंपाची जोडी अशी तीन साधने आम्ही आलटून पालटून वापरली.

सौर पिशवी सर्वांत स्वस्त आणि उन्हाळ्यात उत्तम. एप्रिलमध्ये तारकर्लीला गाडीच्या टपावर ठेवलेल्या २० लिटरच्या पिशवीतले पाणी दुपारी दोनपर्यंत इतके कढत झाले की त्यात विसण घालावे लागले. पण आपल्याकडे आंघोळ सकाळची, आणि पिशवी तापते दुपारी. भंडारदऱ्याला नरकचतुर्दशीच्या पहाटे आई तेल लावून, वाटीत उटणे कालवून स्टुलावर बसली होती. आदल्या संध्याकाळी चांगली ऊन असलेली पिशवी मात्र रात्रभराच्या गारठ्याने पार निवली होती. शेवटी चहाच्या शेगडीवर पातेले चढवले आणि तांब्या-बादलीने अभ्यंगस्नान उरकले.

त्यानंतर गॅसचा गीझर घेतला. जारमधले पाणी १२ व्होल्टचा पंप ओढतो, प्रवाह सुरू झाला की सेलवर ठिणगी पडून बर्नर आपोआप पेटतो आणि काही क्षणांत गरम पाणी येऊ लागते. पाणी तापवण्यात त्याने कधीच कसूर केली नाही. अडचण पाण्याच्या खर्चाची आहे, आणि विकत घेताना ती कोणी सांगत नाही. आमचा गीझर मिनिटाला सुमारे ५ लिटर पाणी घेतो. धार त्याहून फार बारीक केली तर बर्नर विझतो. म्हणजे २० लिटरचा जार चार मिनिटांत रिकामा. चौघांसाठी चार जार न्यायचे तर ८० किलोचे ओझे गाडीत वाढते. शिवाय साबण लावताना नळ बंद करून पुन्हा उघडला की आतल्या नळीत अडकून तापलेले पाणी आधी बाहेर येते. एकदा ते आईच्या खांद्यावर पडले. तेव्हापासून पहिली धार जमिनीवर सोडायची आणि मगच हात घालून पाहायचा, हा घरातला नियम झाला. वेल्ह्याजवळच्या शेतात मात्र विहिरीच्या पाण्याची टाकी शेजारीच होती, आणि तिथे याच गीझरवर चौघांच्या आंघोळी अर्ध्या तासात झाल्या. पाण्याचा असा साठा हाताशी असेल तर गीझर जरूर घ्यावा.

डिसेंबरपासून आम्ही बहुतेक वेळा शेगडी आणि पंपाच्या जोडीवरच आंघोळ करतो. साडेतीन लिटर पाण्याला उकळी आणायची, ते बादलीत ओतायचे आणि त्यावर साडेआठ लिटर गार पाण्याचे विसण घालायचे. गार पाणी १८ अंशांचे असेल तर मिश्रण ४१ अंशांच्या आसपास येते, आणि अंगाला ते अगदी बेताचे लागते. उकळी यायला वीसेक मिनिटे आणि पन्नास-साठ ग्रॅम गॅस लागतो. बादलीत सोडलेला, चार्जिंगवर चालणारा छोटा पंप मिनिटाला दोनच लिटर पाणी चढवतो, त्यामुळे १२ लिटरमध्ये सहा मिनिटांची सलग आंघोळ होते. केस धुवायचे असतील तर आणखी तीन-चार लिटर धरावेत. आईचे मत याच पद्धतीला आहे, कारण पाणी अंगावर घेण्याआधी बादलीत हात घालून पाहता येते.

गाडीच्या सॉकेटवर चालणाऱ्या रॉडच्या नादी लागू नये. त्या सॉकेटमधून साधारण १२० ते १८० वॉट मिळतात, आणि तेवढ्यावर १२ लिटर पाणी २० अंशांनी तापवायला दोन तास सहज जातात.

एका बाबतीत मी कोणाचेही ऐकणार नाही. गीझर किंवा शेगडी तंबूत, आंघोळीच्या आडोशात किंवा गाडीत कधीही पेटवू नये. बंद जागेत तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास, आणि माणसाला उठून बाहेर येण्याइतकीही शुद्ध राहत नाही. आम्ही गीझर बाहेर मोकळ्यावर टांगतो आणि फक्त शॉवरची नळी आत घेतो. साबणाचे पाणीही धरणात जाता कामा नये. पानशेतचे पाणी खडकवासल्यातून आपल्याच घरांतल्या नळांना येते. म्हणून आडोसा काठापासून शंभर पावले तरी लांब, मातीत पाणी जिरेल अशा जागी लावतो.

पंपाची एक तक्रार आहे. तारकर्लीच्या वाळूने त्याची जाळी दोनदा तुंबली, आणि दुसऱ्या वेळी ऐन आंघोळीत धार बंद पडली. आता पंपाला जुन्या पातळ सुती कापडाची पुरचुंडी बांधतो आणि घरी आल्यावर जाळी दात घासण्याच्या जुन्या ब्रशने धुतो. बोहरी आळीतून नळीसाठी दोन पितळी क्लिप आणल्या, तेव्हापासून जोडातली गळतीही थांबली आहे. पावसाळा सुरू झाल्यापासून सौर पिशवी माळ्यावर गेली आहे. शेगडी, पातेले, बादली आणि पंप मात्र गाडीतच आहेत.